पहिली हालचाल

देसलेबाई फोनवरचं कुठलंही बटण दाबतात तेव्हा त्यांची नजर फोनवर नसते. ती डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला असते. तिथे सेकंदकाट्याचं एक जुनं गोल घड्याळ आहे. बटण दाबलं की बाईंची मान खाली जाते, ओठ हलायला लागतात आणि आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं असतं. दूधवाला दारात उभा असला तर त्यानेसुद्धा. मग एकदम मान वर येते.

"अकरा. रंग बरा हाय. पण रडायला लय उशीर."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाकडे तरी बाळ झालंय. मी हसून अभिनंदनही केलं. बाई म्हणाल्या, "बाळ कुठलं गो? गॅस बुक केला."

माझं माहेर शहापूरचं. लग्नानंतर मुरबाडला आले आणि देसलेबाई शेजारी मिळाल्या. बाईंनी तीस-पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, तीही दवाखान्यात कमी आणि मुरबाड तालुक्याच्या पाड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत जास्त. रिटायर झाल्यावर मुलाने त्यांना फोन घेऊन दिला. बाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि एखादा नवीन पेशंट दाखल करून घ्यावा तसा दाखल करून घेतला.

बाळ जन्मलं की पहिल्या मिनिटाला त्याला दहापैकी गुण देतात, हे मला बाईंनी सांगितलं. रंग कसा आहे, ठोके किती, हातपाय हलवतं का, श्वास घेतं का, रडतं का. प्रत्येकाला दोन-दोन गुण. पाचव्या मिनिटाला पुन्हा. बाईंनी ही पद्धत जशीच्या तशी अ‍ॅपना लावली. लसीकरणाचं एक जुनं कोरं रजिस्टर त्यांच्याकडे उरलं होतं, त्यात रकाने आखले: नाव, दाबलं कधी, पहिली हालचाल, शुद्धीवर कधी, गुण, शेरा. मी ते रजिस्टर वाचलंय. नमुने देते.

"बँक. पहिली हालचाल नाही. अंग पांढरं. फोन गरम. बावीस सेकंदांनी ओरडला, म्हणाला पुन्हा पहिल्यापासून या. गुण दोन. लक्ष ठेवणे."

"हवामान. तीन सेकंदांत हालचाल. मग जाहिरात काढली. पुन्हा जाहिरात. उलट्या थांबत नाहीत. गुण चार."

"लाइट बिल. सात सेकंद गप्प, पण मधे मधे 'थांबा, बघतो' असं लिहून येतं. स्वभाव गरीब. गुण आठ."

हा शेवटचा शेरा महत्त्वाचा. बाईंना उशिराचं वावडं नाही. पाड्यावरची जीप उशिरा येते, डॉक्टर उशिरा येतात, स्वतः देसलेकाका तर जन्मापासून उशिरा आहेत. काका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना "चहा घेणार का?" विचारलं की ते खिडकीतून बाहेर बघतात, मिशीवरून हात फिरवतात आणि चहा उकळून, गाळून, कपात पडल्यावर म्हणतात, "घेऊ अर्धा." पण विचारल्याबरोबर ते "हं" करतात. बाई म्हणतात, "त्या 'हं'वर मी संसार केला. उशीर चालंल. मुकं राहायचं नाय."

मुकं राहणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भयंकर राग. गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात एकदा मी त्यांच्यासोबत होते. समोरचा माणूस फोनवर 'पुढे जा' हे बटण दाबत होता. काही होईना, म्हणून पुन्हा दाबत होता. बाईंनी पाच वेळा सोसलं. सहाव्यांदा त्याचा हात धरला.

"अवो, बाळ रडलं नाय तर तळव्यावर टिचकी मारायची. झोडपून काढायचं नाय!"

तो बिचारा म्हणाला, "पण ते चाललंय का बंद पडलंय, कळायचं कसं?"

बाईंनी हात सोडला. "हे मात्र बरोबर बोललात," म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. दुकानदाराचा त्यात काय दोष! पण त्याने पुढची दहा मिनिटं बाईंचं ऐकून घेतलं. फिरणाऱ्या गोल चकतीला बाई भिंगरी म्हणतात. दुकानदार म्हणाला होता, "बाई, चालू आहे ते, गोल फिरतंय ना." त्यावर बाई म्हणाल्या, "पंखा पण फिरतो रे, घरात माणूस नसला तरी."

हे सगळं मी मजेत बघत होते, कारण मी काय काम करते ते त्यांना माहीत नव्हतं. 'कॉम्प्युटरवर' एवढंच त्यांना ठाऊक. एक दिवस वाटीभर वालाची उसळ घेऊन आल्या तेव्हा माझ्या स्क्रीनवर तीच गोल चकती फिरत होती आणि मी तिचा रंग बदलत होते.

वाटी हातातच राहिली.

"म्हणजे... ती भिंगरी तू बसवतेस?"

खोटं बोलायला जागा नव्हती. मी सांगितलं की मी अ‍ॅपचा पुढचा भाग करते. माणसाला दिसतो तो. बटणं, रंग, अक्षरं.

बाई खुर्चीत बसल्या. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही इतकी वर्षं घरातल्या उंदराचा शोध चालू होता आणि तो आता उसळ खाताना सापडला. मग उठून घरी गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या. त्या दुपारी मी काही काम केलं नाही.

त्यानंतर आमची कंपनी मला पगार देत होती आणि मला कामाला बाई लावत होत्या. योगायोग असा की त्याच वर्षी आम्हाला एका संस्थेचं काम मिळालं. पाड्यांवर घरोघर फिरणाऱ्या आशाताईंसाठी अ‍ॅप. बाळाचं वजन, आईची तब्येत, काही काळजीचं असेल तर एक लाल बटण: 'डॉक्टरांना कळवा'. हे ऐकल्यावर बाईंच्या अंगात पुन्हा नोकरीच शिरली. कुठल्या पाड्यावर कोण आशा, कुणाला वाचायला चष्मा लागतो, कुणाचा फोन नवऱ्याकडे असतो, सगळं त्यांनी मला तोंडी सांगितलं. पहिल्या चाचणीला पाचजणी निवडल्या. त्यात वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरची संगीता होती. बाईंची लाडकी. "हुशार पोर. उगाच हसत नाय," ही बाईंची तिच्याबद्दलची शिफारस.

पहिल्या चाचणीत माझी अब्रू गेली. पाड्यावर रेंज नाही. 'जतन करा' दाबलं की अ‍ॅप गप्प. ना भिंगरी, ना काही. आशाताईंनी माणसासारखं केलं, पुन्हा पुन्हा दाबलं. रेंजमध्ये आल्यावर सगळं एकदम पोचलं. दुसऱ्या दिवशी यादी बघितली तर एका बाईला एकाच सकाळी, एकाच वजनाची, सहा मुलं.

बाईंनी यादी हातात घेतली. चष्मा लावला. काढला.

"माझ्या अख्ख्या नोकरीत तिळं दोनदा झाली," त्या म्हणाल्या. "तू एका सकाळी सहा काढलीस. आई कशी हाय?"

मी टेबलावर डोकं ठेवलं. बाईंनी रजिस्टरात लिहिलं: गुण शून्य.

आमचा टीम लीड विवेक बंगळूरला बसतो. हुशार, घाईचा, मनाने चांगला. त्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, सोपं आहे. बटण दाबल्याबरोबर हिरवी खूण दाखवून टाक. 'झालं.' माहिती फोनमध्ये राहील, रेंज मिळेल तेव्हा मागच्या मागे जाईल. वापरणाऱ्याला वाट बघायला लागणार नाही. सगळे असंच करतात.

मी तसं केलं. खरंच सोपं होतं. नवीन अ‍ॅप घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी घड्याळ सरसावलं, बटण दाबलं आणि ओठ हलवायच्या आत हिरवी खूण आली.

बाईंनी पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा तेच. मनगट कानाला लावलं, घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून.

"अगो बया," त्या म्हणाल्या. "जन्मतःच हसतंय!"

आणि रजिस्टरात लिहिलं: दहापैकी दहा. त्याखाली तारीख घालून सही केली. मी पेढे आणले. काकांनाही दिला. काकांनी "हं" केलं आणि मी निघेपर्यंत तो हातात धरून ठेवला.

तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एका सकाळी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी नाही, वाटी नाही, चपलासुद्धा नाहीत. शेजारच्या घरातून अनवाणी आल्या होत्या.

"संगीतानं लाल बटण कधी दाबलं ते बघ," म्हणाल्या.

मी बघितलं. आमच्याकडे तसं काहीच आलेलं नव्हतं.

"परवा दाबलंय. परवा सकाळी! दोन महिन्यांचं बाळ, दूध ओढत नाय, वजन उतरलं. हिनं दाबलं, हिरवं 'झालं' दिसलं. आईला सांगितलं, डॉक्टर येतील, आता काय काळजी नाय. आई घरात बसून वाट बघतेय. ही पण वाट बघतेय. आज मी सहज फोन केला तेव्हा ही मला विचारते, बाई, गाडी का नाय आली?"

संगीता दोन दिवस रेंजमध्ये आलीच नव्हती. पाड्यावर भाताची झोडणी चालू होती, खाली यायला तिला वेळ झाला नव्हता. आणि यायचं कशाला? फोनवर तर 'झालं' लिहिलं होतं. त्या सकाळी वाटेवर बोलण्यापुरती रेंज लागली आणि बाईंचा फोन तिला लागला, म्हणून कळलं.

"बाळ?" मी विचारलं.

"डॉक्टरांना सांगितलं मी. जुन्या पद्धतीनं, फोन करून. जीप गेली. बाळ इकडे निघालंय."

मग बाई माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्या मला झापतील म्हणून मी वाट बघत होते. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"दहा मी दिले," त्या म्हणाल्या. "सही करून. मला कळायला नको? जन्मतःच हसणारं पोर मी बघितलंय का कधी?"

बाळ आठ दिवस दवाखान्यात होतं. बाई रोज जायच्या. चौथ्या दिवशी त्याने दूध ओढलं, आठव्या दिवशी दवाखाना डोक्यावर घेतला. बाईंनी मला फोन लावून तो रडण्याचा आवाज ऐकवला. अर्धा मिनिट ऐकवला. "ऐकलंस? याला म्हणतात दहा." आता तो मुलगा चांगला गुटगुटीत आहे आणि त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे एक क्षण गप्प बसत नाही.

अ‍ॅपचा प्रश्न मात्र राहिलाच होता. मी विवेकला सांगितलं, 'झालं' काढायचं. तो म्हणाला, मग लोकांना पुन्हा स्लो वाटेल, संस्थेला डेमो द्यायचाय पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, तू एकदा बाईंशी बोल. तो म्हणाला, कुठल्या बाई?

व्हिडिओ मीटिंगला बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. मला वाटतं ती नोकरीतली होती. कॅमेऱ्यासमोर ताठ बसल्या. विवेक मोकळेपणाने म्हणाला, "नमस्ते आंटी. देखिए, टेक्निकली डेटा एकदम सेफ है. फोन में है."

बाईंनी त्याला बोलू दिलं. मग सुरू झाल्या. बाईंची हिंदी तालुक्याबाहेर फारशी गेलेली नाही.

"देखो साहेब. मेरा मिस्टर एसटी चलाता था. गाडी डेपो में एकदम सेफ रहता था. पॅसेंजर स्टँडपे खडा रहता था. समजा?"

विवेक हसला. "समजा, आंटी, पर..."

"पर नाय. तुमने नया बच्चा देखा है कभी? एकदम नया, एक मिनिट का? वो रोया नहीं, तो मैं कागद पे 'रोया' लिखेगी क्या? उसका आई को बोलेगी क्या, रोया? आई तो खुश हो जायेगी. मैं पण खुश. साहेब लोग पण खुश. बच्चा?"

 मीटिंगमधले बाकीचे चारजण स्क्रीनजवळ सरकले. उत्तर किती सेकंदांत येतं ते मोजायला बाईंनी सवयीने मनगट वळवलं, पण मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला.

"ठीक है, आंटी," विवेक म्हणाला. आवाज बदलला होता. "आप बताइए, क्या लिखें?"

तर आता त्या अ‍ॅपमध्ये जे शब्द आहेत ते बाईंचे आहेत. बटण दाबलं की फोन हलकासा थरथरतो आणि पिवळ्या पट्टीवर येतं: 'लिहून घेतलं. अजून पोचलं नाही.' पोचलं की पट्टी हिरवी होते: 'पोचलं.' लाल बटणाचं तासाभरात पोचलं नाही तर फोन वाजतो आणि लिहून येतं: 'पोचलं नाही. वाट बघू नका, रेंज गाठा, फोन करा.' खाली डॉक्टरांचा नंबर. विवेकने फक्त 'कृपया' हा एक शब्द घालायचं सुचवलं. बाई म्हणाल्या, घाईच्या वेळी कृपया वाचायला कुणाला फुरसत? तो शब्द गेला.

नवीन अ‍ॅप तपासायला संगीताच्या पाड्यावर जायचं ठरलं. थंडीचे दिवस होते, बाई माझ्या स्कूटरवर मागे. टोकावडं येईपर्यंत त्यांनी मला रस्त्याकडेची सगळी घरं सांगितली. या घरात पायाळू, त्या घरात जुळं, तिकडे एक जीपमध्येच झाला, त्याला सगळे जीप्या म्हणतात. वैशाखरं मागे पडलं तसं बोलणं कमी होत गेलं. पाड्याखाली शाळेपाशी आम्ही थांबलो. तिथे कंपाउंडच्या भिंतीजवळ तेवढी रेंज मिळते.

"तू जा वर," बाई म्हणाल्या. "मी बसते इथं. गुडघे धरलेत."

त्याच गुडघ्यांनी त्या सकाळी आमच्या गच्चीवर टाकी बघायला दोनदा चढल्या होत्या. मी एकटीच वर गेले. संगीता अंगणातच होती. तिने अ‍ॅप उघडलं, दाबलं, पिवळी पट्टी वाचली आणि म्हणाली, "हे बरं. खरं बोलतंय." मग खाली बघून म्हणाली, "बाई का नाय आल्या?"

ओट्यावर तिची सासू वाल सोलत बसली होती. हिराबाई. साठीची, काटक, कपाळावर गोंदण. तिने विचारलं, "कोन बाई?"

"देसलेबाई. शाळेपाशी बसल्यात."

हिराबाईने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि चालू लागली. मी मागे धावले. उतारावर मला धाप लागली, तिला नाही.

बाईंनी तिला येताना बघितलं आणि उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. एवढ्या मोठ्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"बाई, इथवर येता नि घरी नाय येत?" हिराबाई म्हणाली. "किती वर्सं झाली?"

"हिरा..." बाई म्हणाल्या.

हिराबाई माझ्याकडे वळली. पाड्यावर आलेल्या पाहुण्याला अर्धवट सांगून ठेवायची तिची रीत नसावी. "माझं पयलं पोर गेलं ना, तवा ह्या नव्या व्हत्या. इथलीच पयली नोकरी. पोर निळं पडलं, जीपनी मुरबाडला नेलं. मी उपकेंद्रात. लय रगत गेलेलं माझं."

"सांजेला निरोप आला," बाई जमिनीकडे बघत बोलल्या. "एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी. मला कळलं होतं, हिरा. तू विचारत होतीस. दर थोड्या वेळानं विचारत होतीस. मी म्हणत होते, बरं हाय, झोपलंय, काचेच्या पेटीत ठेवलंय. सांगितलं असतं तर तू उठून बसली असतीस, तुझं रगत थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी खोटं बोलले तुझ्याशी."

"मला माईत व्हतं."

बाईंनी वर बघितलं.

"तवाच समजलं मला," हिराबाई म्हणाली. "तुमी माझे केस विंचरत बसलेल्या. गुंता नव्हता तरी विंचरत व्हत्या. पोर बरं असतं तर तुमी तुमच्या कामाला नसत्या लागल्या? मंग मी बी विचारीत राहिले. विचारलं नसतं तर तुमाला कळलं असतं, हिला समजलं म्हनून. तुमी रडल्या असत्या. केवढ्याशा व्हत्या तुमी. माझ्यापेक्षा दोन वर्सांनी मोठ्या, फक्त."

शाळेत मुलं कसलातरी पाढा म्हणत होती. बाईंचा हात भिंतीवर होता. हिराबाईने तो उचलला आणि आपल्या हातात घेतला, बाजारात माणसं चुकू नयेत म्हणून धरतात तसा.

"चला. भाकरी टाकते."

बाई गेल्या. उतार त्या हिराबाईच्या बरोबरीने चढल्या, गुडघ्यांचा विषय निघाला नाही. आम्ही ओट्यावर जेवलो. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, वर मिरची. हिराबाईने आपल्या नंतरच्या चार पोरांची माहिती दिली आणि बाईंनी प्रत्येकाचं वजन विचारलं, चाळिशीला आलेल्या मुलाचंसुद्धा. "ऐंशी किलो?" बाई म्हणाल्या. "त्याला भात कमी दे." हिराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि बाईंनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

जेवण झाल्यावर मी निघायला उठले. बाई उठल्या नाहीत.

"तू जा. मी उद्या येते. ह्यांना सांग, भात कुकरला लावायचा, दोन शिट्ट्या."

हिराबाईने बाईंच्या जागी स्कूटरच्या मागच्या सीटवर एक भला मोठा भोपळा सुतळीने आवळून बांधला. बाईंनी गाठ तपासून बघितली आणि सावकाश जायला सांगितलं. मला की भोपळ्याला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागून शाळेच्या घंटेचा आवाज येत होता, म्हणजे रेंजसाठी खाली उतरल्या होत्या. मी विचारलं, सगळं ठीक ना? कधी येताय? घ्यायला येऊ का?

"नको येऊस. एवढंच सांगायला खाली आले मी," बाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता. "आणि ठेव आता. हिरा वर बसलीय. आमचं बोलणं अर्धं राहिलंय."